‘अकुशल’ कोणी ठरविले?

रायगडच्या किनाऱ्यावर गेली पन्नास वर्षे एक वाक्य वारंवार कानी पडते. स्थानिकांना काम द्यावयास आमची ना नाही, परंतु या कामास लागणारे कौशल्य त्यांच्याजवळ नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले, तेव्हापासून हे वाक्य या किनाऱ्यावर मुक्कामाला आहे. थळ-वायशेतचा खत कारखाना आला, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आला, न्हावा-शेवाचे बंदर आले, डोलवीचा पोलाद कारखाना आला. वाक्य तेच राहिले. बोलणारा कधी सरकारी अधिकारी असतो, कधी कारखान्याचा कार्मिक व्यवस्थापक, आणि हल्ली बहुधा एखादा मजूर कंत्राटदार.

आज हा विषय पुन्हा काढण्याचे कारण उघड आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावे नव्या नगराच्या आराखड्यात घालण्यात आली. लोक त्यास ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. दुसऱ्या मुंबईचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही, तोच तिसरीची मोजणी सुरू झाली आहे. या वेळीही विकासाबरोबर ‘कौशल्य प्रशिक्षण’ येणार असल्याचे सांगितले जाईल. तेव्हा शिक्षण, कौशल्य आणि आर्थिक वाढ यांचा परस्परसंबंध नेमका काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी या किनाऱ्याच्या अनुभवावरून नीट समजून घेतले पाहिजे. पुस्तकावरून समजून घेतल्यास फसगत होण्याचा संभव आहे.

पुस्तकात सांगितले जाते ते असे. १९६० साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी तेथील अर्थशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात ‘मानवी भांडवला’चा विचार मांडला. उत्पादनाची वाढ केवळ यंत्रे आणि कामाचे तास यांनी उलगडत नाही. माणसाच्या शिक्षणावर, आरोग्यावर व कसबावर झालेला खर्च हीदेखील गुंतवणूकच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विचारातील सत्यांश आपण नाकारण्याचे कारण नाही. शिकलेला कामगार अधिक निर्माण करतो, हे खरेच आहे. परंतु या सिद्धांताचा सोयीस्कर अर्थ लावणारी एक मोठी परंपरा जगभरच्या सरकारांत आणि कर्ज देणाऱ्या संस्थांत तयार झाली. ती म्हणते की देश गरीब आहे कारण त्याचे लोक अडाणी आहेत, आणि बेकार माणूस बेकार आहे कारण तो शिकलेला नाही. म्हणजे दोष गुंतवणुकीच्या दिशेचा नाही, मालकीचा नाही, नोकरभरतीचा नाही. दोष त्या मुलाचा. गंमत अशी की याच शुल्ट्झ यांनी १९६४ साली परंपरागत शेतीवर एक ग्रंथ लिहिला आणि गरीब शेतकरी आपल्या तुटपुंज्या साधनांचा वापर अत्यंत हिशेबाने करतो, असे त्यात दाखवून दिले. त्यांच्या अनुयायांना तो ग्रंथ फारसा आठवत नाही.

तेव्हा प्रथम हे पाहू की, ज्यांना अकुशल ठरविण्यात आले त्यांना काय येत होते.

अलिबाग, पेण, उरण या तालुक्यांतील खारेपाट म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली भातजमीन होय. खाडीच्या चिखलाचा बांध घालायचा, तो भरतीच्या माऱ्यापुढे टिकवायचा, पावसाचे गोडे पाणी आत धरून मातीतला खार धुऊन काढायचा, आणि आतले जादा पाणी ओहोटीला बाहेर जावे पण भरतीचे पाणी आत येऊ नये अशा रीतीने उघाडी बसवायची. बांधाला खांड पडली तर एका उधाणात शेकडो एकर खारावतात आणि पुढची दोन-तीन वर्षे तेथे पीक धड येत नाही. म्हणून बांधाची राखण हे एकट्यादुकट्याचे काम नव्हतेच. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे श्रम, या तत्त्वावर गावाने एकत्र येऊन बांध राखण्याची ‘जोळ’ नावाची पद्धत आगरी शेतकऱ्यांनी निर्माण केली होती. ती सहकाराची शाळाच होती, आणि ती सहकार खात्याच्या जन्मापूर्वीची होती. शेताला लागून तळे, तळ्यात जिताडा, बांधापलीकडे मिठागर, त्यापलीकडे खाडीतली मासेमारी. एकाच कुटुंबाला वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत निरनिराळी कसबे लागत.

आणि गणित? या किनाऱ्यावरचा निरक्षर माणूसही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाला. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग यांवर जाळे कोणते, कोठे आणि केव्हा टाकायचे ते ठरते. चंद्राच्या गतीवरून पाण्याची वेळ तोंडी सांगणाऱ्या या माणसाला बंदराच्या दारात उभे केले, तेव्हा त्याच्या अर्जावर ‘अकुशल’ असा शेरा पडला. त्याच बंदरात जहाज धक्क्याला कधी लावायचे, हे ठरविण्यासाठी भरतीचे कोष्टक भिंतीवर टांगलेले असते.

किमान वेतनाच्या अनुसूचीत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन वर्ग असतात. जमिनीवर राबणारा आणि खाडीवर जगणारा माणूस त्या तिन्हींत कोठेच बसत नाही. पण जमीन काढून घेतली की तो आपोआप तिसऱ्यात येऊन पडतो. भूसंपादनाच्या कायद्यात जमिनीचा भाव असतो, झाडाचा भाव असतो, घराच्या कौलांचाही असतो. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या साठलेल्या ज्ञानाचा रकाना नसतो. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती अशा कोळी बांधवांचा तर प्रश्नच नव्हता. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने न्हावा-शेवा येथील बंदरविस्तारामुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भागाकार केला तर दर घरामागे पाच लाख ८४ हजार रुपये पडतात. उपजीविका गेल्याची दखल घेणारा म्हणून हा आदेश महत्त्वाचा आहे, आणि तो मिळविणाऱ्या मच्छीमारांचे कौतुक केले पाहिजे. तरीही एवढ्या रकमेत एक खाडी आणि तिच्यावर जगण्याची विद्या यांचा हिशेब मिटला असे मानायला मन तयार होत नाही.

येथे कोणी म्हणेल की, जुने कसब थोर होते हे मान्य, पण क्रेन चालविण्यास ते कसे उपयोगी पडणार? रास्त प्रश्न आहे. जग बदलते, भाताचा बांध राखणाऱ्याच्या मुलाने रासायनिक कारखाना चालवू नये असे आपण कधीच म्हटले नाही. आपले म्हणणे एवढेच की, नवे कसब शिकवायला वेळ लागतो आणि तो वेळ सरकारच्या हाती भरपूर होता. नव्या मुंबईच्या आराखड्यात न्हावा-शेवाच्या बंदराची कल्पना आरंभापासून होती. सिडको १९७० साली स्थापन झाली. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. मध्ये एकोणीस वर्षे गेली. सिडको ज्या वर्षी जन्मली त्या वर्षी जासई, धुतूम किंवा सोनारी या गावांत जन्मलेले मूल बंदराच्या उद्घाटनाला एकोणीस वर्षांचे झाले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरला दोन वर्षे लागतात, वीजतंत्रीला दोन वर्षे, रासायनिक संयंत्र चालकाला दोन वर्षे. दहावीनंतर ती दोन वर्षे काढून एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करून ते मूल नेमके त्याच दिवशी दारात उभे राहू शकले असते. १९७० साली पहिलीत बसलेले मूल तर अभियंता होऊन आले असते. बंदराचा धक्का बांधायला किती सिमेंट लागेल याचा हिशेब एकोणीस वर्षे आधी होऊ शकतो. किती फिटर लागतील आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या शाळेतून येतील, याचा हिशेब होऊ शकत नाही असे मानणे कठीण आहे. तो केला गेला नाही, कारण कोणाला त्याची गरज नव्हती. मुंबईत तयार कामगार होते, बाहेरून आणखी येत होते, आणि प्रकल्पाला जमीन हवी होती, जमीनवाला नको होता.

म्हणून ‘कौशल्य नाही, म्हणून नोकरी नाही’ हे वाक्य उलटे करून वाचावे लागते. नोकरी द्यायची नव्हती, म्हणून कौशल्य दिले गेले नाही. आणि दिले नाही म्हणून ते नव्हते.

सरकारवर टीका करणे सोपे आहे. आपल्या पक्षाच्या पानावर आपल्याविषयीही लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना संकोच वाटतो, कारण विषय हुतात्म्यांशी निगडित आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. भूसंपादनाच्या इतिहासात त्याला तोड नाही. मात्र त्या काळापासून आजपर्यंत किनाऱ्यावरच्या सर्व डाव्या, समाजवादी आणि शेतकरी संघटनांची मागणीपत्रके काढून पाहावीत. जमिनीचा भाव, भूखंड, गावठाणविस्तार, आणि घरटी एक नोकरी. चारही मागण्या न्याय्य होत्या. पण ‘घरटी एक नोकरी’ म्हणजे कोणती नोकरी, हे आपण विचारले नाही. आपण नोकऱ्यांचा आकडा मागितला, आणि व्यवस्थापनाने तो पहारेकरी, माळी, शिपाई आणि हमाल या जागांत भागविला. कारखाना आपल्या जमिनीवर, आणि आपण त्याच्या फाटकाशी! नियंत्रण कक्षात कोण बसणार हा प्रश्न आपल्या सभेत कधी गाजला नाही. तालुक्यात तंत्रशाळा काढा, जमिनीची अधिसूचना निघेल त्याच दिवशी काढा, तिच्यात आमच्या गावांच्या मुलामुलींना जागा राखून ठेवा, या मागणीसाठी रस्ता अडविल्याचे आपल्यापैकी कितीजणांना आठवते?

याचे एक कारण असे की, शिक्षण ही आपण संस्थाचालकांची बाब मानली आणि लढा ही पक्षाची. ही वाटणी या किनाऱ्याच्या परंपरेत बसत नाही. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथून खोतांविरुद्ध कुळांनी जो संप पुकारला तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमीन न कसता उपाशी-अर्धपोटी राहिलेल्या त्या कुळांच्या नेत्याने, नारायण नागू पाटील यांनी, संप चालू असतानाच १९३७ साली ‘कृषीवल’ हे पत्र काढले. ज्या माणसांना कबुलायतीवर अंगठा उठविण्यापलीकडे कागदाशी काम पडू दिले गेले नव्हते, त्यांच्या लढ्याने स्वतःचे वर्तमानपत्र निर्माण करावे, यातच शिक्षणाविषयीची त्या पिढीची जाण दिसते. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. पुढच्या काळात प्रा. एन. डी. पाटील यांच्याकडे पाहावे. पेण, पनवेल व उरण तालुक्यांतील महामुंबई सेझविरुद्ध उभे राहिलेले एन. डी. आणि रयत शिक्षण संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले एन. डी. ही दोन माणसे नव्हती. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सेझबाबत शेतकऱ्यांचे मत सरकारला आजमावावे लागले, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. नोटीस वाचता येणारी, हरकत लिहिता येणारी, नकाशावर आपला गट क्रमांक शोधता येणारी पिढी गावात नसती तर तो लढा इतका पुढे गेला असता काय? शिक्षणाचा आर्थिक लाभ मोजणाऱ्या कोणत्याही सूत्रात जमीन वाचविणाऱ्या साक्षरतेची नोंद नाही. आम्ही मात्र ती पहिल्या ओळीत करू.

आता चालू काळाकडे येऊ. १९८९ साली बंदरात निदान कायम नोकरी नावाची वस्तू होती. १९९९ साली तेथे पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले, २००६ साली दुसरे, २०१८ साली आणखी एक. आणि २०२२ साली बंदराने स्वतः चालविलेले टर्मिनलही खासगी हाती गेले. भोवतालच्या गोदामांत आणि कंटेनर यार्डांत कंत्राटी कामाचे राज्य आहे. उरणमध्ये अशी घरे शोधावी लागत नाहीत, जेथे आजोबा मिठागरावर होते, वडील बंदरात किंवा एखाद्या सार्वजनिक कारखान्यात कायम कामगार होते, आणि बी.कॉम. झालेला नातू बारा तासांच्या पाळीवर कंटेनरचे क्रमांक टिपून घेतो. तिघांत शिक्षण सर्वांत जास्त नातवाचे, आणि कामाची शाश्वती सर्वांत कमी. पदव्यांच्या वाढीबरोबर उत्पन्न वाढते असे म्हणणाऱ्यांनी या घरात एकदा चहाला यावे.

कंत्राटी पद्धतीवर आपण वेतनाच्या बाजूने पुष्कळ लिहिले आहे. तिची दुसरी बाजू शिक्षणाची आहे आणि ती तितकीच गंभीर आहे. कारखान्यातील खरे कसब शाळेत शिकता येत नाही. पंपाचा आवाज बदलला तर बेअरिंग जाणार हे ओळखणे, दाबमापकाचा काटा किती हलला तर घाबरायचे आणि किती हलला तर नाही, हे कळणे, यासाठी त्याच यंत्रापाशी, जुन्या माणसाच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागतात. कायम नोकरी ही देशातील सर्वांत मोठी तंत्रशाळा होती. मालकाला माहीत होते की हा माणूस तीस वर्षे राहणार, म्हणून त्याला शिकविणे परवडत होते. जुन्या कामगाराला माहीत होते की नवा माणूस आपली जागा घेणार नाही, म्हणून तो शिकवीत होता. अकरा महिन्यांच्या कंत्राटात दोघांचेही कारण संपते. कोण कोणाला, कशासाठी शिकवील? ज्या धोरणाने ही शाळा मोडली तेच धोरण आज ‘देशात कुशल मनुष्यबळाचा तुटवडा आहे’ म्हणून परिषदा भरविते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यातील स्फोट व आगीत अकरा कामगारांचा बळी गेला. त्या दुर्घटनेच्या कारणांचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण रसायनांच्या कामात न शिकविलेला माणूस उभा करणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येक कामगार संघटनेने तिच्यानंतर नव्याने केला पाहिजे. रसायन कारखान्यात शिक्षण ही केवळ उत्पादकतेची बाब उरत नाही. तो माणूस संध्याकाळी घरी येईल की नाही, याच्याशी तिचा संबंध आहे.

शिकाऊ उमेदवारीची कथाही याच धर्तीची. १९६१ च्या कायद्याने उद्योगांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले, हे चांगलेच झाले. परंतु त्याच कायद्याने सांगितले की शिकाऊ हा कामगार नव्हे, त्याला कामगार कायदे लागू नाहीत, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे असे म्हटले. परिणामी वर्षभर पूर्ण कामगाराचे काम, विद्यावेतनाच्या दराने. पुढच्या वर्षी नवा शिकाऊ. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्र्यांच्या नावाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यास सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास आठ हजार, पदवीधरास दहा हजार रुपये महिना, सहा महिन्यांकरिता. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी पुढे काय म्हणून रस्त्यावर आले आणि मुदत काही महिन्यांनी वाढविण्यात आली. प्रशिक्षण कसले आणि त्याचा शेवट कोठे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्याच मंडळींकडून येतो. कष्टकऱ्यांच्या मुलांना आयटीआय आणि श्रीमंतांच्या मुलांना विद्यापीठ, ही जातिव्यवस्थेचीच नवी आवृत्ती नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. १९३७ च्या वर्धा योजनेकडे बहुजन समाजाने संशयाने पाहिले ते उगाच नव्हे. पण त्याच्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन पाहावे. रयतेच्या करातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते आणि रयतेच्या मुलांना प्राथमिक शाळाही नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि प्राथमिक शिक्षणात शेतीचे व उपयुक्त कलांचे ज्ञान असावे ही मागणीही त्याच निवेदनात होती. जोतीरावांना त्या दोहोंत विरोध दिसला नाही. विरोध तेव्हा उत्पन्न होतो जेव्हा हाताचे काम काहींनाच शिकविले जाते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सर्वांसाठी आणि शाळा सर्वांना समान, असे दोन्ही एकत्र सुचविले होते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असेही सांगितले होते. सहा टक्के आजही गाठले गेलेले नाहीत. २०२० च्या धोरणात तो आकडा पुन्हा आदराने लिहिला गेला आहे. १९८६ च्या धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकच्या २५ टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे ठरविले, २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडविण्याचे. उद्दिष्ट दुप्पट झाले. वर्ष उलटून गेले.

शिक्षण वाढले की विकास आपोआप होतो असे मानणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथे शाळा घरोघर पोहोचल्या, १९९१ साली पूर्ण साक्षरता जाहीर झाली, पण उद्योग न उभारल्यामुळे शिकलेली पिढी आखातात गेली. आपल्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या घरांनाही हा मार्ग चांगला परिचित आहे. विकास आला की शिक्षण आपोआप येते असे मानणाऱ्यांसाठी उरण आहे. ज्या दक्षिण कोरियाचे गोडवे आपले राज्यकर्ते गातात, तेथे १९५० साली जमीन सुधारणा होऊन कुळे मालक झाली. मुलांना शाळेत पाठविण्याइतकी शाश्वती कुळांच्या घरी आधी आली, शाळा त्याबरोबर वाढल्या आणि कारखाने त्यानंतर. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या किनाऱ्यावर कारखाना आधी आला, जमीन त्याच वेळी गेली, आणि शाळेची आजही वाट पाहिली जात आहे.

अलिबागेत १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडतील, म्हणून ती येथे हलविण्यात आली. तेव्हापासून जगाच्या भूचुंबकीय अभ्यासाला या गावातून अखंड नोंदी मिळत आहेत. मुंबईला एखादी गोष्ट नकोशी झाली की ती खाडीपलीकडे येते, ही रीत तशी जुनीच. त्यातल्या त्यात ही पाहुणी सभ्य निघाली. आता २०२५ साली विमानतळाच्या परिसरात ‘एज्युसिटी’ म्हणून पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली आहेत. विद्येला आपला विरोध नाही, ती कोठूनही येवो. पण त्याच राज्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांवर शाळांना ‘समूह शाळां’त विलीन करण्याचे परिपत्रक निघाले, आणि रायगडच्या डोंगरवाड्यांवरील आदिवासी व धनगर मुलांच्या शाळा नेमक्या त्या पटाच्या आहेत. कातकरी वाडीवरची मुलगी पाचवीनंतर शाळेला किती मैल चालेल, याचा विचार इरादापत्रे देणाऱ्यांनी करावयाचा नसतो. तो आपण करावयाचा आहे.

तेव्हा १२४ गावांच्या प्रश्नावर आपल्या मागणीपत्रकात या वेळी भर घातली पाहिजे. जमिनीबाबतची भूमिका गावसभा ठरवतील आणि ती ठरविण्याचा अधिकार त्यांचाच आहे. जेथे लोक ‘नाही’ म्हणतील तेथे आपण त्या नकाराबरोबर उभे राहू. परंतु जेथे प्रकल्प येईल तेथे कोणत्या कामाच्या किती जागा, कोणत्या वर्षी, कोणत्या पात्रतेच्या, याचे पत्रक संपादनाच्या नोटिशीसोबतच जाहीर झाले पाहिजे, आणि त्या जागांसाठीची तंत्रशाळा पायाभरणीच्या आधी सरकारी खर्चाने सुरू झाली पाहिजे. तिच्यात मुलींना निम्म्या जागा हव्यात, कारण जमीन गेल्यावर घरातल्या बाईचे काम सर्वांत आधी जाते आणि ‘घरटी एक नोकरी’त तिचे नाव कधीच नसते. प्रकल्पात पूर्ण केलेली शिकाऊ उमेदवारी कायम जागेच्या हक्कात मोजली गेली पाहिजे. वीसच्या पटाची एकही शाळा बंद होता कामा नये.

त्यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुका शाखांनी येत्या महिन्याभरात आपापल्या गावांतील आठवी ते बारावीच्या मुलामुलींची यादी करावी. कोण कोठे शिकते, कोणाची शाळा सुटली, कोणी आयटीआयचा अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, याची नोंद घ्यावी. खारेपाटात उघाडीचे काम जाणणारी, होडी बांधणारी, जाळी विणणारी वडीलधारी माणसे कोण आहेत, तेही त्याच वहीत लिहावे. गावसभेत हरकतींचा अर्ज वाचला जाईल, तेव्हा ही वही त्याला जोडलेली असावी.